तिसरी टाकी

अखाजीला नणंदा येतात तेव्हा
वेलींवर एक पान नसतं.
खरड छाटणी नुकती झालेली, तारा उघड्या,
आणि सुलूताई दर साली तेच म्हणतात,
"ह्या काड्या दखाडाले बलावतस का वं?"
मग ओट्यावर, खापरावरचे मांडे निवेपर्यंत,
मागच्या सालच्या बाटल्यांना लेबलं लावत बसतात.
लेबल तिरकं बसलं तर पाण्याचं बोट फिरवून सरकवायचं,
ही युक्ती आईकडून आलेली नाही,
शाळेच्या वह्यांवरून आली.

श्रावणात कानबाई बसते.
रोटांचं पीठ घरच्यांनीच संपवायचं असतं,
आणि नेमकी त्याच आठवड्यात डावणी येते,
पानांच्या पोटाशी पांढरी,
जात्याखाली सांडल्यासारखी.
युवराज मोरचूद फवारून येतो,
दाराबाहेरूनच हात जोडतो देवीला.
बोटं निळी.

ऑक्टोबरात डोळे.
वेलीला डोळे असतात हे मी लग्नानंतर शिकले.
पाड्यावरच्या बाया हातमोजे घालून
एकेका डोळ्याला लाल पेस्ट लावतात,
काजळासारखी नाही, जखमेवरच्या औषधासारखी.
रातीबाई चौरे गड्यांना दरडावते,
"जो आज पी, तो मरी!"
खरंच आहे. ही पेस्ट हाताळली की दारू अंगावर उलटते.
दारूच्याच बागेत वर्षातले दोन-तीन दिवस
सगळे शुद्धीत, मालकासकट.

जानेवारीतली ती रात्र.
डोंगरावर पवनचक्क्यांचे लाल दिवे,
पारा तीनवर.
ओळीओळींमध्ये पाचटाच्या शेकोट्या,
धूर मांडवाखालून जमिनीलगत सरकत होता.
लोटन आप्पा, माझे सासरे,
कोणाला न विचारता रात्री दोनला
ठिबकचं पाणी सोडून आले, मफलर ओला.
तरी धरणाकडच्या चाळीस ओळी गेल्या.
सकाळी पानं शिजवल्यासारखी काळी,
मणी तडकलेले.
कोणी रडलं नाही.
मी गोडी मापायच्या दुर्बिणीतून
उगाच एक मणी तपासला. सोळा.
सासूबाई म्हणाल्या, चहा ठेव.

फेब्रुवारीत उरलं ते तोडलं.
दोन टाक्या भरल्या.
तिसरी धुऊन, वाळवून, झाकण उघडं ठेवून दिली.

आप्पांनी जन्मात थेंब चाखला नाही.
"मन्हा धंदा पिकाडाना शे, पिवाना नही."
पण तोडणीनंतर रोज संध्याकाळी
चपला दाराशी काढून आत येतात
आणि टाकीला कान लावतात.
आत रस बोलत असतो,
पाणी घातलेल्या चुनकळीसारखा.
दोन सालांपासून त्यांना कमी ऐकू येतं.
खिशातला मोबाइल वाजतोय हे मी सांगते.

परवा ते तिसरीपाशी थांबले.
मी नळी धूत होते,
म्हणणार होते, आप्पा, ती रिकामी.
त्यांनी डोळे मिटलेले, गाल स्टीलला टेकलेला,
तळहातही.
"बोली राह्यनी," म्हणाले.
मी नळी धूत राहिले.
धुतलेलीच पुन्हा.

ते गेल्यावर मीही कान लावून पाहिला.
बाहेर कोणाची तरी मोटार चालू होती,
झाकणातून शिरलेला वारा तळाशी गोल फिरत होता.
काहीतरी होतं खरं.

रात्री वहीत लिहिलं:
टाकी एक, चोवीस अंश.
टाकी दोन, अठ्ठावीस, बाहेरून पाणी मारणे.
टाकी तीन
पुढे लिहायला काही नव्हतं.
रकाना मोकळा बरा दिसेना
म्हणून आडवी रेघ मारली,
मग खोडरबर शोधत
अर्धं घर धुंडाळलं.